अर्धा मग पाणी

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा, नाशिकला आईकडे. आई झोपली, पोरगी झोपली, बाहेर पाऊस चालूच आहे.

सकाळी पोरीने दात घासले, नेहमीसारखे, अर्ध्या मगात. नळ सोडला, अर्धा मग भरला, नळ घट्ट बंद केला, चूळ भरून उरलेल्या पाण्यात ब्रश धुतला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पोरीला पाणीसुद्धा मोजून देता का गं तुम्ही?" रागाने नाही म्हणाली, हळूच म्हणाली, म्हणून जास्त लागलं. पोरगी तोंड पुसून निघून गेली आणि मी मात्र दिवसभर त्या बाथरूमच्या दारातच उभी आहे असं वाटतंय.

मोजूनच देतो ना. आम्ही राहतो शिडाच्या बोटीवर. ३०० लिटरची टाकी आहे, कुठे नांगर टाकून राहिलो की तिघांत मिळून दिवसाला २० लिटर, म्हणजे १५ दिवस निघतात. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचं विसळणं तेवढं गोड्या पाण्याने. सिंकला पायाने दाबायचा पंप आहे, पाय उचलला की धार बंद, त्यामुळे सोडून दिलेला नळ तिने फारसा बघितलेलाच नाही. मला यात आजवर काही चुकतंय असं वाटलं नव्हतं. आज वाटलं. पोरीचं बालपण आपण लिटरमध्ये मोजतोय का, असलं काहीतरी डोक्यात आलं आणि अंबडला जाताना रिक्षात रडूच आलं.

त्यात आई नेमकं याच वर्षी बोलली. यंदा बोटीवर वॉटरमेकर, म्हणजे खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, बसवायचा ठरलेला. आईच्या किचनमध्ये आरओ आहे तीच गोष्ट, फक्त समुद्राचं पाणी मेंब्रेनमधून ढकलायला ५०-५५ बार प्रेशर लागतं, त्यामुळे पंपच महाग. पैसे बाजूला काढले होते. मग मे महिन्यात पोरीच्या बाबाने डावीकडची एक चेनप्लेट काढून बघितली. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात ना, त्यातली. वरून चकचकीत, खालून चकचकीत, आणि मधे जिथे ती डेकमधून आरपार जाते तिथे तपकिरी डाग आणि केसाएवढी चीर. स्टेनलेसला हवा लागली नाही आणि खारं पाणी साचून राहिलं की ते तिथेच आतून खातं. जोराच्या वाऱ्यात एक पट्टी तुटली तर डोलकाठी सरळ आडवी. मग वॉटरमेकर राहिला. दोघांनी मिळून ठरवलं, पाच मिनिटंही लागली नाहीत. पण ठरवताना पोरीला विचारलं नव्हतं, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

नव्या पट्ट्या करायला टाकल्या तर अंबडच्या वर्कशॉपमधे ते म्हणाले, ताई ३०४ नंबरचं स्टेनलेस घ्या की, दिसायला सेम, स्वस्त पडेल. दिसायला सेमच असतं. पण ३१६ मधे दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात टिकण्याचा फरक तिथेच पडतो, म्हणून मी अडून बसले आणि सर्टिफिकेट बघूनच ऑर्डर दिली. सहा पट्ट्या, भोकांच्या कडा गोल करून, पॉलिश करून, शनिवारी मिळतील. मग कोचीला बोटीवर परत. तिकडे तो एकटा काय खातोय कोण जाणे, फोनवर सांगत नाही.

येताना आठवलं, पंचवटीच्या वाड्यात पाणी पहाटे यायचं. आई हंडे, कळश्या, पिंप सगळं भरून ठेवायची, आणि मी अंघोळीला तिसरा तांब्या जास्तीचा घेतला तर बाहेरून ओरडायची. तेव्हा मला कुणी बिच्चारी म्हटलं नव्हतं. आईला हे आठवत नसेल असं नाही. कदाचित आठवतंय म्हणूनच नातीच्या हातात अर्धा मग बघून तिला कसंतरी झालं असेल, आपलं संपलं होतं ते परत आलं म्हणून. असं वाटल्यावर जरा मोकळा श्वास आला. वॉटरमेकर पुढच्या वर्षी घेऊ. डोलकाठी आधी, हेच बरोबर आहे, आणि अर्ध्या मगात दात स्वच्छ निघतात तिचे.

संध्याकाळी दादा पोरीला गोदावरीचा पूर दाखवायला घेऊन गेला होता, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. आली ती ओरडतच, "आजी, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी!" आणि लगेच, "आपल्या टाकीत किती आहे?" आईला काय माहीत. या घरात वीस वर्षं राहतेय, गच्चीवरच्या टाकीत कधी डोकावलेली नाही. तर पोरीने तिला हाताला धरून वर नेलं, मी छत्री घेऊन मागे. झाकण उघडून पोरीने झाडूचा दांडा आत उभा सोडला, बाहेर काढून ओली खूण आजीला दाखवली. आई चष्मा पुसून वाकून बघत होती.

"वीतभर कमी आहे गं," मला म्हणाली.

सकाळच्या बोलण्याचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.