कोरियन शिकता शिकता युद्धाच्या संग्रहालयात

आमच्या भाषावर्गात तिसऱ्या पातळीला एक प्रकल्प असतो. सोलमधलं एखादं संग्रहालय निवडायचं, तिथले फलक कोरियनमधून वाचायचे आणि मग वर्गासमोर कागद हातात न घेता पाच मिनिटं बोलायचं. बहुतेकांनी राजवाडे घेतले. मी योंगसानचं युद्ध स्मारक संग्रहालय घेतलं. कारण अगदी विद्यार्थ्याचं होतं: तिकीट नाही, आणि भुयारी रेल्वेच्या ४ किंवा ६ नंबरच्या लाईनवरच्या सामगाक्जी स्टेशनवरून चालत जाता येतं.

खरी अडचण शब्दांची. आमच्या पुस्तकात भाजी घेता येते, डॉक्टरकडे जाता येतं, घरमालकाशी भांडताही येतं, पण युद्ध करता येत नाही. म्हणून आधी वहीत यादी केली: माघार, शस्त्रसंधी, युद्धकैदी, जखमी, पूल उडवणे. सनावळ्या मोठ्यानं म्हणायची सवय केली, कारण आकडा दिसला की डोकं तो मराठीतच वाचतं. १९५० ला 'चॉन गुबेक ओशिप न्योन' तोंडातून सुटायला आठवडा गेला. वाक्यरचनेचा मात्र आपल्याला त्रास नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटलेले. वर्गातली स्पॅनिश मुलगी जिथे डोकं धरून बसते तिथे मराठी माणूस सरळ पुढे जातो.

आत बऱ्याच फलकांवर कोरियनखाली इंग्रजी असतं. मी त्यावर वही धरायचे आणि वरचं पूर्ण वाचून झाल्यावरच काढायचे. फलकांची भाषा वर्गातल्या भाषेपेक्षा ताठ. 'केलं' याला आम्ही बोलीतलं 'हेस्सॉयो' म्हणतो, तिथे सगळं लेखी 'हायॉत्ता'. पहिल्या दालनात याचा वैताग आला. पण तिथे इ. स. ६१२ ची साल्सू नदीची लढाई आहे, १५९२ च्या जपानी स्वारीत लढलेल्या कोरियन नौसेनापती यी सुन-शिनच्या कासवनौकेचं मोठं मॉडेल आहे, आणि शाळेच्या सहली त्या नौकेभोवती एवढा गोंगाट करत होत्या की मी तिथे फार थांबलेच नाही.

बाहेरचं आवार मला जास्त कळलं, कारण तिथे वाचायचं कमी आहे. दोन भावांचा पुतळा प्रसिद्ध आहे: दक्षिण कोरियाचा अधिकारी थोरला, उत्तर कोरियाचा सैनिक धाकटा, रणांगणात भेटून मिठी मारतात, खाली घुमटाला मधोमध तडा. थोरला आडदांड, पाठीला बंदूक. धाकटा लहानखुरा, निःशस्त्र. पुतळा कुणी उभारलाय हे सांगायला फलक लागत नाही. त्याच्यापेक्षा मला घड्याळांचा मनोरा आवडला. दोन मुलींच्या हातात दोन घड्याळं. एक आत्ताची वेळ दाखवतं, दुसरं २५ जून १९५० ला कोरियन युद्ध सुरू झालं त्या वेळेवर थांबलेलं.

तिथेच 'चामसुरी ३५७' या गस्ती नौकेची प्रतिकृती आहे. २९ जून २००२ ला पिवळ्या समुद्रात उत्तरेच्या नौकेशी चकमक झाली, त्यात दक्षिणेचे सहा नौसैनिक गेले. गोळ्यांची भोकं लाल रंगानं दाखवली आहेत. त्याच दिवशी फुटबॉलच्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकासाठी कोरिया-तुर्कस्तान सामना होता. आणि तुर्कस्तान म्हणजे १९५० मध्ये याच देशासाठी सैन्य पाठवणारा देश. प्रतिकृतीच्या आत शिरता येतं. मी शिरले, लगेच बाहेर आले.

माझ्याबरोबर वर्गातली हानोईची मैत्रीण होती. व्हिएतनाम युद्धात दक्षिण कोरियानं अमेरिकेच्या बाजूनं, म्हणजे हानोईच्या विरुद्ध, तीन लाखांहून जास्त सैनिक पाठवले, त्याचंही इथे दालन आहे. ती ते सगळे फलक शांतपणे वाचून आली आणि म्हणाली, "चल, पुढे." मी काही विचारलं नाही. विचारायला माझं कोरियन पुरलं नसतं, आणि इंग्रजीत विचारणं बरं दिसलं नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या दालनात एका स्वयंसेवक आजोबांनी कुठून आलीस विचारलं. "इंदोएसो वास्सॉयो", भारतातून आले, म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या दंडावर सुई टोचल्याचा अभिनय केला. भारतानं लढायला सैन्य दिलं नाही, डॉक्टर दिले: ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली, नोव्हेंबर १९५० मध्ये आलेली. विषय तिथेच ठरला.

घरी येऊन आणखी वाचलं. उत्तरेच्या बाजूनं लढणारं चिनी सैन्य प्याँगयांग या उत्तरेच्या राजधानीवर चालून आलं तेव्हा तिथे असलेल्या या तुकडीकडे सामान हलवायला वाहनं नव्हती. त्यांनी एक वाफेचं इंजिन आणि काही डबे मिळवले, रांगेत उभं राहून बादल्यांनी इंजिनात पाणी भरलं आणि औषधं, उपकरणं घेऊन दक्षिणेला निघाले. मार्च १९५१ मध्ये त्यांच्यातले काही जण अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुन्सानजवळ उतरलेही. शस्त्रसंधीनंतर युद्धकैद्यांवर देखरेख करायला भारतीय दल आलं, त्याचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी त्या दलाला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं सीमेवर नेलं. हा भाग मी भाषणातून गाळला. 'अनिच्छुक युद्धकैदी', म्हणजे मायदेशी परत जायला तयार नसलेले कैदी, तिसऱ्या पातळीच्या व्याकरणात बसेना.

इंजिनाची गोष्ट मात्र बसली. पाणी भरलं, गाडी निघाली, पूल ओलांडला: सगळी साधी क्रियापदं, सगळी भूतकाळात. रोज भांडी घासताना म्हणत होते. वर्गात बादल्यांची रांग हातांनी करून दाखवली तेव्हा मागचा चिनी मुलगा हसला, आणि पुढच्याच वाक्यात चिनी सैन्य येत होतं. मी ते वाक्य जरा हळू म्हटलं. सॉन्सेंगनिमनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, उच्चारांचे गुण कापले, 'ओ' आणि 'ऑ' अजून एकच येतात म्हणून. नंतर त्यांनी रंगराजांचं नाव फळ्यावर हांगुल या कोरियन लिपीत लिहायला लावलं आणि वर्गानं ते एकसुरात वाचलं.

जायचं असेल तर सोमवारी बंद असतं. वही आणि पेन न्या. फोनवर फोटो काढून घरी वाचू म्हटलं की वाचलं जात नाही.