वाइलाटपूच्या गवतात: नार्सिसा व्हिटमनचं घर शोधताना

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉला गावातून हायवे १२ ने पश्चिमेला निघालं की सुमारे सात मैलांवर डाव्या हाताला व्हिटमन मिशनचा फाटा लागतो. सिअ‍ॅटलकडून येणाऱ्यांनी यॅकिमा, पॅस्को करत यावं. त्यांना तो गावाच्या आधीच, उजवीकडे लागतो. रस्ता साडेचार-पाच तासांचा. पॅस्को सोडल्यावर वॉलुला येतं, तिथे पाच मिनिटं थांबा. १८३६ च्या १ सप्टेंबरला मिशनरी नार्सिसा व्हिटमन घोड्यावरून जिथे उतरली, तो हडसन्स बे या ब्रिटिश फर व्यापारी कंपनीचा फोर्ट वॉला वॉला कोलंबिया नदीच्या याच काठावर होता. मॅकनेरी धरणाच्या फुगवट्याखाली ती जागा गेली. पण नदीची रुंदी आणि बोडके काळे कडे अजून तेच आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या झाडीतून आलेल्या बाईला हा मुलूख कसा दिसला असेल, ते इथे उभं राहिल्यावर समजतं.

मिशनची जागा आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. वाहनतळापासून संग्रहालय, तिथून पायवाट सपाटीवरच्या घरांच्या जागांकडे, आणि एका बाजूला टेकडी. तिच्या माथ्यावर २७ फुटी दगडी स्तंभ, पायथ्याशी सामुदायिक कबर. बहुतेक लोक आधी टेकडी चढतात. माझं सांगणं उलट आहे, टेकडी शेवटी ठेवा. वरून दिसते ती १८४७ च्या हल्ल्यात मेलेल्या हुतात्म्यांची जागा. नार्सिसाची अकरा वर्षं खालच्या जमिनीवर गेली, आणि त्यांचा हिशोब तिथेच लागतो.

खाली एकही घर उभं नाही. १८४७ च्या हल्ल्यानंतर सगळं जळालं. उत्खननात सापडलेल्या पायांच्या रेषा जमिनीवर आखून ठेवल्या आहेत: नदीकाठचं पहिलं घर, नंतरचं मोठं मिशन हाउस, स्थलांतरितांसाठीचं घर, लोहारशाळा, पाणचक्कीचं तळं. भोवती पुरुषभर उंचीचं राय गवत. वाइलाटपू हे नावही त्या गवतावरूनच पडलेलं आहे.

रेषांमध्ये उभं राहण्याआधी ती इथवर कशी आली ते माहीत हवं. नार्सिसा प्रेंटिसचा जन्म १८०८ चा, प्रॅट्सबर्गचा. अमेरिकन बोर्ड या मिशनरी पाठवणाऱ्या प्रोटेस्टंट संस्थेकडे तिने मिशनरी म्हणून जायची इच्छा कळवली, तेव्हा सरहद्दीवर अविवाहित बाई पाठवायला बोर्ड राजी नव्हतं. डॉ. मार्कस व्हिटमनलाही तिकडेच जायचं होतं. १८ फेब्रुवारी १८३६ ला लग्न झालं आणि काही दिवसांत दोघं निघाली. बरोबर हेन्री आणि एलायझा स्पॉल्डिंग हे जोडपं होतं. मिसुरीतल्या लिबर्टीपर्यंत बोटी, पुढे फर व्यापाऱ्यांच्या तांड्यामागून घोडे.

सामानाची यादी तिच्या पत्रांतून नीट कळते. गादीच्या पट्टेरी कापडाचा तेल लावलेला शंकूच्या आकाराचा तंबू, मधोमध एक खांब, आत सगळ्यांची झोप. जमिनीवर अंथरायला रबरी कापड, तेच जेवताना टेबलक्लॉथ आणि पावसात अंगावर. माणशी एक पत्र्याची ताटली, लोखंडी चमचा, कमरेला सुरी. चहाला दूध हवं म्हणून दुभत्या गाई बरोबर चालवल्या. माळरानावर लाकूड नाही, म्हणून चूल बायसनच्या वाळलेल्या शेणींवर. जेवण म्हणजे बायसनचं मांस, आधी ताजं आणि डोंगर ओलांडल्यावर वाळवलेलं. ताजं तिला आवडलं, वाळवलेलं गिळवेना. फोर्ट बॉइसीला पोचल्यावर ती लिहिते की घर सोडल्यापासून कपडे धुवायची ही तिसरी वेळ. मार्च ते ऑगस्टमधली तिसरी!

४ जुलैला रॉकी पर्वतातला साउथ पास ओलांडला. त्या खिंडीतून जाणाऱ्या पहिल्या गोऱ्या बायका म्हणून या दोघींची नोंद होते. एक गोष्ट मात्र बहुतेक वर्णनांत मागे पडते: नार्सिसा तेव्हा गरोदर होती, आणि पुढचे शेकडो मैल ती एका बाजूला पाय सोडून बसायच्या खोगिरावर होती. वाटेत गाडीचा आस मोडला, चारचाकीची दोनचाकी झाली, तीही फोर्ट बॉइसीला टाकली. सामान कमी करता करता बहिणीने दिलेली छोटी पेटीसुद्धा सोडायची वेळ आली.

फोर्ट वॉला वॉलानंतर दोन्ही जोडपी कोलंबियातून खाली फोर्ट व्हँकूव्हरला गेली. (हे कॅनडातलं नव्हे, पोर्टलंडसमोरचं.) बायका तिथे थांबल्या आणि पुरुषांनी परत येऊन जागा निवडल्या: व्हिटमननी कायूस या मूळ रहिवाशांच्या मुलखात वाइलाटपू, स्पॉल्डिंगनी नेझ पर्स लोकांत लॅपवे, शंभरहून अधिक मैल पूर्वेला. १० डिसेंबरला नार्सिसा इथे आली, तेव्हा घराला चूल आणि जमीन होती. दारं-खिडक्यांच्या जागी घोंगड्या टांगल्या होत्या.

आता नदीजवळच्या पहिल्या रेषांकडे या. हे घर कच्च्या विटांचं. चिकणमाती, चिरलेलं गवत आणि पाणी तुडवायचं, लाकडी साच्यात भरायचं, उन्हात आलटून पालटून वाळवायचं. वर बल्ल्या, त्यावर गवत, त्यावर माती. नगर-मराठवाड्याकडचं धाब्याचं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक असा की धाब्याला पाऊस मोजका आणि मुरमी उंचवटा लागतो. इथे छपरावर बर्फ बसायचा, तो सावकाश वितळून माती भिजवायचा आणि पाणी आत ठिबकायचं. त्यात जागा नदीच्या पुरात येणारी. कच्ची वीट वरून ओली झाली तर ढलपे पडतात, त्यावर लिंपण करता येतं. पण पायातून ओल चढली की भिंत खालून मऊ होते आणि स्वतःच्याच वजनाने बसते, तिला इलाज नाही. दोन-तीन वर्षांतच वरच्या जमिनीवर नवं घर बांधायला घ्यावं लागलं, ते यामुळे. दोन्ही जागांमधलं अंतर चालून बघा. उंचीतला फरक पायांना जेमतेम जाणवतो, पण घर टिकायला तेवढाच पुरला.

खाण्याचं सुरुवातीचं गणितही अवघड होतं. गाई थोड्या, त्या वाढवायच्या म्हणून मारायच्या नाहीत. मग कायूसांकडून घोडे विकत घेऊन ते खायचे. पहिल्या दोनेक वर्षांत या घराने वीसहून अधिक घोडे खाल्ले. पुढे गहू, मका, बटाटे पिकू लागले, पाट काढले, पाणचक्की बसली.

साबण घरीच. त्या काळी सरहद्दीवर सगळीकडे हीच रीत होती. तळाला भोक असलेल्या पिंपात गवताचा थर, वर चाळलेली लाकडाची राख, त्यावर थोडं थोडं पाणी. खाली तपकिरी क्षार ठिबकतो. त्यात अंडं किंवा बटाटा टाकायचा. तरंगून नाण्याएवढा वर दिसला तर क्षार बरोबर, बुडाला तर पुन्हा राखेतून काढायचा किंवा आटवायचा. मग चरबीबरोबर तासन्‌तास ढवळत शिजवायचं. क्षार कच्चा राहिला की चरबी वेगळी तरंगते आणि दिवस वाया जातो. राखेच्या क्षाराचा साबण मऊच होतो, वडी पाडायची तर मीठ हवं, आणि मीठ लांबून यायचं. हे एक काम. त्याच्या जोडीला मेणबत्त्या, लोणी, चीज, शिवण, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं जेवण.

पत्रांचं तर विचारू नका. हडसन्स बे कंपनीचं जहाज, हवाई, केप हॉर्न, अशा वाटेने टपाल जाई. माहेरच्या पत्राला पहिलं उत्तर यायला दोन वर्षांहून जास्त लागली. मूल झाल्याचं तिने कळवलं, ते पोचून अभिनंदन परत येईपर्यंत ते मूल राहिलं नसेल, इतका तो काळ. तसंच झालं. अ‍ॅलिस क्लॅरिसा १४ मार्च १८३७ ला जन्मली, आईच्याच वाढदिवशी. २३ जून १८३९ ला सव्वादोन वर्षांची असताना ती दोन पेले घेऊन पाणी आणायला गेली आणि नदीत बुडाली. एका वृद्ध कायूस माणसाने बुडी मारून तिला वर काढलं. नदीचं पात्र आता सरकलं आहे, पण जुन्या पात्राचा खोलगट भाग ओळखू येतो. तिथून घराच्या रेषेपर्यंत चाला, म्हणजे घर पाण्याच्या किती जवळ होतं ते कळेल.

ज्या कामासाठी ती आली, त्या शाळेचं काय? कायूस घोड्यांच्या मोठ्या कळपांचे धनी, आणि त्यांचं वर्ष फिरतं. वसंतात कॅमसचे कंद खणायला, मग सामन माशांवर, शरदात शिकारीला. वाइलाटपूजवळ ते खरे राहायचे थंडीत. म्हणजे मुलं शाळेत येणार ती तेवढे महिने. मिशनला वाटे त्यांनी एका जागी बसून शेती करावी. त्यांना त्याची गरज नव्हती. शिवाय नार्सिसाला घरात केव्हाही, कुठेही माणसं येणं सहन होईना. नव्या घराच्या आखणीत त्यांच्यासाठी वेगळी खोली ठेवली, आतल्या खोल्या बंद. ज्यांच्या जमिनीवर घर उभं, त्यांनाच आत मज्जाव. हे चुकीचं होतं असं मला वाटतं, आणि तिच्या पत्रांतली त्यांच्याविषयीची भाषा वाचताना त्रास होतो. त्याच वेळी, एकही खोली आपली नसलेल्या बाईचा थकवाही त्याच पत्रांत आहे.

मराठी माणसाला इथे नगर आठवल्याशिवाय राहत नाही. हेच अमेरिकन बोर्ड १८१३ मध्ये मुंबईत उतरलं, १८३१ मध्ये अहमदनगरला गेलं. याच बोर्डाने १८२७ मध्ये सिंथिया फरार यांना मुंबईला पाठवलं, अविवाहित असूनही. फरारबाई १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडे झालं, असं चरित्रकार सांगतात. बोर्ड एक, काळ एक. पण नगर जुनं वसलेलं शहर. तिथे धान्याला बाजार होता, मुली वर्षभर त्याच गल्लीत राहत. फरारबाईंना शिकवण्यासाठी जमीन नांगरावी लागली नाही, आणि त्यांच्या मागून नगरची जमीन घ्यायला अमेरिकेतून गाड्या आल्या नाहीत. वाइलाटपूला दोन्ही गोष्टी झाल्या.

१८४२ मध्ये बोर्डाने वाइलाटपू आणि लॅपवे बंद करायचं ठरवलं. मार्कस हिवाळ्यात घोड्यावरून बॉस्टनला गेला, निर्णय फिरवून आणला आणि १८४३ मध्ये हजारभर लोकांच्या तांड्याबरोबर परतला. त्याने ओरेगॉन ब्रिटिशांच्या हातून अमेरिकेसाठी वाचवलं ही कथा नंतर रचली गेली, ती खरी नाही. पण ओरेगॉन ट्रेल या पश्चिमेकडे जाणाऱ्या स्थलांतरितांच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून मिशन उभं राहिलं ते खरं. दर शरदात आजारी, उपाशी माणसं दारात. १८४४ मध्ये सेगर कुटुंबातली सात अनाथ भावंडं नार्सिसाने ठेवून घेतली. त्याआधीच जिम ब्रिजर आणि जो मीक या डोंगरी शिकाऱ्यांच्या मुली, आणखी एक मुलगा आणि मार्कसचा पुतण्या घरात होते. शाळा आता मुख्यतः गोऱ्या मुलांची झाली, आणि कायूस हे बघत होते. जमिनीच्या मोबदल्यावरून कायूस प्रमुख टिलोकाइक्टचा आणि मार्कसचा खटका १८४१ मध्येच उडाला होता. कलिंगडं चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांत उलटीचं औषध भरण्याचा एका मिशनरीचा उद्योगही लोक विसरले नव्हते.

१८४७ मध्ये गोवर आला. तो स्थलांतरितांबरोबर आला की कॅलिफोर्नियाहून परतलेल्या मूळ रहिवाशांच्या टोळीबरोबर, इतिहासकार दोन्ही वाटा दाखवतात. या भागातले निम्म्याच्या आसपास कायूस गेले. गोऱ्यांच्या अंगात आधीच्या साथींची प्रतिकारशक्ती होती, कायूसांच्यात नव्हती. पण दिसत असं होतं की डॉक्टरच्या औषधाने गोरी मुलं वाचतात आणि आपली मरतात. ज्याचे रोगी दगावतात त्या वैद्याचा जीव घेण्याची त्यांच्यात चाल होती. २९ नोव्हेंबरला हल्ला झाला. मार्कस, नार्सिसा आणि आणखी अकरा जण मारले गेले. मेलेल्यांत बाई ती एकटीच, वय ३९. सुमारे पन्नास जणांना ओलीस ठेवलं. महिनाभराने हडसन्स बे कंपनीच्या पीटर स्कीन ऑग्डनने ६२ घोंगड्या, ६३ सदरे, १२ बंदुका, ६०० बार होतील एवढा दारूगोळा आणि तंबाखू देऊन त्यांना सोडवलं. १८५० मध्ये ओरेगॉन सिटीत पाच कायूस पुरुषांना फाशी झाली. १८५५ च्या तहाने उरलेल्यांची बहुतेक जमीन गेली.

म्हणून सहल इथे संपवू नका. दक्षिणेला तासाभरावर, ओरेगॉनमध्ये पेंडल्टनजवळ टमास्टस्लिक्ट कल्चरल इन्स्टिट्यूट आहे. कायूस, उमाटिला आणि वॉला वॉला लोकांनी १९९८ मध्ये उभारलेलं त्यांचं स्वतःचं संग्रहालय. तिथे व्हिटमन मिशन एका मोठ्या इतिहासातली एक घटना म्हणून येतं, आणि ते प्रमाण बरोबर आहे. दोन्ही एका दिवसात होतात: सकाळी वाइलाटपू, दुपारी टमास्टस्लिक्ट. पोर्टलंडला परतणाऱ्यांना थोडा वळसा घेऊन ते वाटेत बघता येतं.

जुलै-ऑगस्टमध्ये सपाटीवर ऊन फार असतं आणि टेकडीवर सावली नाही. पाणी घ्या, सकाळीच चाला. संग्रहालयाच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. पायवाटा सोप्या आहेत, वयस्कर मंडळींनाही जमतील, फक्त टेकडीची चढण थोडी तीव्र. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी हायवे १२ नेच पूर्वेला लॅपवेकडे जा. १८३९ मध्ये होनोलुलूहून आलेला छापखाना तिथे बसवला होता, आणि एलायझा स्पॉल्डिंगची शाळा नार्सिसाच्या शाळेपेक्षा बरी का चालली याचा विचार त्या जागेवर उभं राहून जास्त नीट करता येतो.