रोशा गवत, मधमाशांचे मेण आणि खानदेशचा उन्हाळा : आमची वाटचाल

शहाद्यात घरच्या घरी सुगंधी मेणबत्त्या बनवायचे आम्ही ठरवले, तेव्हा नातेवाइकांनी सर्वांत आधी विचारले ते उन्हाळ्याचे काय करणार म्हणून. प्रश्न रास्त होता. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, पत्र्याच्या गोदामात आणि उन्हात उभ्या असलेल्या कुरिअरच्या गाडीत तो त्याहूनही वर जातो, आणि काचेच्या ग्लासात ओतण्यासाठी सर्रास वापरले जाणारे सोयामेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळू लागते. आमच्या उद्योगाचे बहुतेक निर्णय या दोन आकड्यांमधल्या जेमतेम अंतराने घेतलेले आहेत.

म्हणून आम्ही मधमाशांच्या मेणाकडे वळलो, कारण ते ६२ ते ६४ अंशांना वितळते. सातपुड्यातील धडगाव-तोरणमाळ पट्ट्यात पावरा आणि भिल्ल कुटुंबे आग्या मोहोळाचा मध काढतात. मधाला गिऱ्हाईक मिळते; पिळून उरलेल्या पोळ्याला फारसे कोणी विचारत नाही. ते पोळे आम्ही रोख पैसे देऊन वजनावर घेतो. सोयामेणाबद्दल आमची तक्रार नाही, आजही मऊपणासाठी आम्ही ते थोडे मिसळतो आणि तसे लेबलवर छापतो; पण सोयाबीन शेतात पिकत असले तरी त्याचे मेण कारखान्यात, तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून तयार होते, हे ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे लिहिणाऱ्यांनी एकदा सांगायला हवे.

पोळे स्वच्छ करणे हे या धंद्यातील सर्वांत वेळखाऊ काम आहे. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात पोळ्याचे तुकडे मंद आचेवर वितळवायचे, सुती कापडातून गाळून पिळायचे आणि पातेले रात्रभर हलवायचे नाही. सकाळी पाण्यावर पिवळी वडी तरंगत असते. तिच्या खालच्या बाजूला चिकटलेला तपकिरी गाळ सुरीने खरवडून काढला की पुन्हा तेच सगळे. लोखंडी कढई वापरली तर मेण काळपट पडते आणि बोअरच्या जड पाण्याने ते रवाळ होते, त्यामुळे या कामासाठी आम्ही पावसाचे पाणी साठवून ठेवतो.

सुगंधाच्या बाबतीत मात्र आम्हाला दूर जावे लागले नाही. रोशा गवताचे तेल ही खानदेशची जुनी ओळख आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्येही त्याची नोंद आहे. हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानपर्यंत जात असे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण त्यात मुख्यतः जिरॅनिऑल नावाचे सुगंधी द्रव्य असते आणि गुलाबाच्या वासातही तेच असते. या गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसायला दोन्ही जवळपास सारखी. पण मोतियाला गुलाबाची गोडी असते, तर सोफियाचा वास उग्र, सुंठीकडे झुकणारा. आम्ही फक्त मोतियाचे तेल घेतो आणि प्रत्येक डबा स्वतः हुंगल्याशिवाय पैसे देत नाही. तेल प्रामुख्याने फुलोऱ्यात असल्यामुळे गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापले जाते, आणि शंभर किलो गवतातून अर्धा किलो तेल निघाले तरी भट्टीवाला खूश असतो. मेणाच्या मधाळ वासापुढे नाजूक सुगंध टिकत नाहीत; रोशा आणि गवती चहा टिकतात. शंभर ग्रॅम मेणाला पाच-सहा ग्रॅम तेल पुरते, ते ७० अंशांच्या आसपास घालून हलक्या हाताने ढवळायचे आणि लगेच ओतायचे.

वात हा अनेकांना क्षुल्लक वाटणारा भाग आहे. देवघरातील वळलेली वात इथे चालत नाही. विणलेली सुती वात जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जाते आणि काजळी धरत नाही. मधमाशांचे मेण घट्ट असल्याने सोयामेणापेक्षा जाड वात लागते.

अशा रीतीने वर्षाची घडी बसली. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे मधाची पोळी येतात, उन्हाळाभर मेण गाळून वड्या साठवायच्या. श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे खानदेशातला कानबाई देवीचा घरगुती सण, असले की त्या दिवसांत कामावर कोणी येत नाही आणि आम्हीही कोणाला बोलावत नाही. दसऱ्यापासून होळीपर्यंत ओतकाम. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आम्ही दुकान मांडतो. तिथे एका आजीने मेणबत्ती उलटसुलट करून विचारले, “माय, हाई मेनबत्ती इतली महांग कसाले?” तिच्या हातावर रोशाचे तेल चोळले, तेव्हा तिने वास ओळखला, गुडघ्यांना हेच लावायचो, म्हणाली. मेणबत्ती घेतली नाही, तेलाची बाटली मात्र मागितली. पुढच्या यात्रेपासून आम्ही तेलाच्या छोट्या बाटल्याही ठेवू लागलो.

मोठ्या शहरातील एका दुकानदाराला बारा महिने माल हवा होता आणि त्यासाठी पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासूनचे मेण, मिसळायला त्याची हरकत नव्हती. आमची होती. आता तो फेब्रुवारीअखेर उन्हाळ्याचा सगळा माल एकदम उचलतो, स्वतःच्या थंड खोलीत ठेवतो आणि त्या खोलीच्या विजेच्या बिलापोटी आम्ही त्याला दरात थोडी सूट देतो.