जेवण नाटकाआधी की नाटकानंतर?

नाशिकच्या शालिमार परिसरात महाकवी कालिदास कलामंदिर आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृह जवळजवळ आहेत. रात्रीचा प्रयोग सुटला की आजूबाजूच्या परमिट रूम आणि फॅमिली सेक्शनमध्ये एकदम गर्दी उसळते. स्वयंपाकघर तेच, ऑर्डरी मात्र एकाच वेळी वीस. त्यामुळे तंदूर अडतो, रोट्या उशिरा येतात आणि रस्सा गार होतो. अशा वेळी रोटीऐवजी भाकरी किंवा राइस सांगा. काळ्या मसाल्याचं मटण बहुधा आधीच शिजवून ठेवलेलं असतं, ते लवकर येतं. तंदुरी चिकनला वेळ लागणारच.

प्रयोगाआधी जायचं असेल तर किमान सव्वा तास हाताशी ठेवा आणि पोटभर जेवू नका. पहिल्या अंकात डुलक्या लागतात. (बिअर प्यायली असेल तर मध्यंतराची वाट पाहणं ही वेगळीच शिक्षा.)

नाशिकची वाइन मागवणार असाल तर तिखट रश्श्यासोबत गार शेनिन ब्लांक (एक व्हाइट वाइन) घ्या. रेड वाइनमधल्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकामुळे, तिखट जास्त झोंबतं. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, चौघांना एक पुरते. बाटली टेबलावर आणूनच उघडायला सांगा.

बिल आलं की आधी पेग मोजा, ३० की ६० मिली ते बघा. दारूवर जीएसटी लागत नाही, म्हणून तिचा हिशोब जेवणापासून वेगळा हवा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, नको असल्यास काढायला सांगा.