क्रोममध्ये ॲड-ब्लॉकर आता कितपत चालतो?

नाशिकमधल्या अभ्यासिका, सेवा केंद्रं, सातपूरची छोटी ऑफिसं, कुठेही बघा, कॉम्प्युटरवर बहुधा क्रोमच उघडलेलं असतं. त्यात वर्षानुवर्षं बसवलेला यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा ब्लॉकर आता बंद पडला आहे. दोष त्याचा नाही. क्रोमने एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रामचे, नियम बदलले. मॅनिफेस्ट व्ही२ या जुन्या नियमावलीवर चालणारी एक्स्टेन्शनं ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि २०२५ मधल्या १३९ व्या आवृत्तीत कंपन्यांसाठी ठेवलेली शेवटची सवलतही संपली.

पूर्वी पानावरून निघालेली प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे चित्र, जाहिरात वगैरे मागवणारी मागणी, आधी ब्लॉकरच्या हातात यायची. सोडायची की अडवायची, हे तो जागच्या जागी ठरवायचा. आता ब्लॉकरने नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे सोपवायची आणि अडवण्याचं काम ब्राउझरने करायचं. प्रत्येक एक्स्टेन्शनला ३०,००० नियमांची हमी आहे, त्यावरचे नियम सगळ्यांच्या सामायिक कोट्यातून मिळतात. बहुतेकांचा राग या आकड्यावर असतो, पण रोजच्या वापराला तो पुरतो. खरं दुखणं अपडेटचं आहे. जुना यूब्लॉक फिल्टर याद्या, म्हणजे काय अडवायचं त्याच्या याद्या, थेट सर्व्हरवरून ओढून घ्यायचा. आता याद्या एक्स्टेन्शनच्या पॅकेजमध्येच येतात, म्हणून यादी सुधारायची तर स्टोअरमधून नवी आवृत्ती यावी लागते. बातम्यांच्या साइटवर फरक जाणवत नाही, कारण जाहिरात कंपन्यांचे पत्ते रोज बदलत नाहीत. यूट्यूब मात्र आपली रचना सतत बदलतं, आणि तिथे एकदोन दिवसांचा उशीरही लगेच दिसतो.

क्रोमच वापरायचं असेल तर नव्या नियमांत चालणारा यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या. स्टोअरमध्ये डेव्हलपर म्हणून रेमंड हिल हे नाव आहे ना, ते बघूनच बसवा; सारख्या नावांची एक्स्टेन्शनं बरीच आहेत. बसवल्यावर बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि मग ‘ब्लॉकर आहे तरी जाहिराती येतात’ अशी तक्रार सुरू होते. आयकॉनवर क्लिक केलं की बेसिक, ऑप्टिमल, कम्प्लीट असे मोड दिसतात. बेसिकमध्ये फक्त रिक्वेस्ट अडते. जाहिरात जाते, पण तिचा रिकामा चौकोन उरतो, आणि यूट्यूबवर तर जाहिरातही जात नाही. तिथे पानात छोट्या स्क्रिप्ट घालाव्या लागतात आणि त्यासाठी निदान ऑप्टिमल लागतो. ऑप्टिमल निवडूनही परत बेसिक दिसत असेल तर एक्स्टेन्शनच्या डिटेल्समध्ये साइट ॲक्सेस बघा. तो ‘ऑन क्लिक’वर असेल तर ‘ऑन ऑल साइट्स’ करा. याचा अर्थ सगळ्या पानांवरचा मजकूर वाचायची परवानगी देणं. म्हणूनच डेव्हलपरचं नाव तपासायचं.

मग सेटिंगमध्ये फिल्टर याद्या उघडून इंडियनलिस्ट या भारतीय भाषांतल्या साइटसाठीच्या यादीवर खूण करा. ब्राउझरची भाषा इंग्रजी असेल तर ती आपोआप सुरू झालेली नसण्याची शक्यता आहे. मराठी साइटवर उरलेल्या जाहिरातींसाठी ही यादी उपयोगी पडते.

सामायिक कॉम्प्युटरवर एक गोष्ट हटकून राहते. क्रोमच्या प्रत्येक प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शन वेगळं बसवावं लागतं आणि इन्कॉग्निटोसाठी परवानगी वेगळी द्यावी लागते. प्रश्नपत्रिकेची पीडीएफ शोधताना तीन हिरवी ‘डाउनलोड’ बटणं दिसतात आणि त्यातली दोन जाहिरातीची असतात. असल्या कॉम्प्युटरवर ही पाच मिनिटांची मेहनत खरोखर कामी येते. नव्या पद्धतीचा इथे फायदाही आहे. नियम ब्राउझर स्वतः चालवतं, एक्स्टेन्शनला सतत जागं राहावं लागत नाही, त्यामुळे ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर भार कमी पडतो.

गुण देणाऱ्या ‘ॲड-ब्लॉक टेस्ट’ साइटवर विसंबू नका. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा आणि ज्या रिक्वेस्टपुढे ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ अशी एरर आहे त्या बघा. त्या खऱ्या अडवलेल्या. एखादा सरकारी फॉर्म किंवा पेमेंटचं पान अडलं तर तेवढ्याच साइटसाठी फिल्टरिंग बंद करा, सगळा ब्लॉकर नको. आणि दोन ब्लॉकर एकत्र ठेवू नका. पान मोडलं की कोणामुळे मोडलं ते कळत नाही.

स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फायरफॉक्स घ्या. तो बनवणाऱ्या मोझिलाने जुनी अडवण्याची पद्धत कायम ठेवली आहे, त्यामुळे तिथे पूर्ण यूब्लॉक ओरिजिन चालतो. स्वतःचे फिल्टर, बाहेरच्या याद्या, सगळं हातात राहतं. ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरचा ब्लॉकर ब्राउझरमध्येच असल्याने त्याला या नियमांचा फटका नाही. जुनं क्रोम अपडेट न करता तसंच ठेवणं मात्र धोक्याचं. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात.

लासलगावचा कांद्याचा भाव बघायला बहुतेकांच्या हातात मोबाइलच असतो, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाही. तिथेही फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसतो. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएसची सोय आहे, म्हणजे साइटचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर आपण निवडायचा; तिथे जाहिराती अडवणारा सर्व्हर टाकून तीही वापरता येते. ॲपमधल्या बऱ्याच जाहिराती तिने जातात. यूट्यूबच्या जात नाहीत, कारण जाहिरात आणि व्हिडिओ तिथे एकाच ठिकाणाहून येतात.