निसर्गगटाचा ॲडमिन: सापाचे फोटो, घरटी आणि ठिकाणं

जून लागला की निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर सापांचे फोटो सुरू होतात. बिळांत पाणी शिरतं, बेडकांच्या मागावर साप घराजवळ येतात आणि रात्री कुणीतरी हललेला, अंधुक फोटो टाकून विचारतं, ‘हा कोणता? विषारी आहे का?’ पुढच्या दोन मिनिटांत उत्तरांचा पाऊस. ‘कवड्या, बिनविषारी.’ ‘मण्यार वाटतेय.’ ‘कवड्याच आहे, घाबरू नका ताई.’ ॲडमिनची खरी परीक्षा इथे होते. सुप्रभातची फुलं आणि राजकारणाचे फॉरवर्ड वैताग आणतात खरे, पण काढून टाकले की संपलं. चुकीची ओळख मात्र माणसाच्या जिवावर बेतू शकते.

विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांची गल्लत सगळ्यांत जास्त होते. दोघेही निशाचर, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. मण्यारीचा रंग काळा-निळसर आणि चकचकीत. पांढरे पट्टे बारीक, बहुतेक वेळा जोडीजोडीने. ते डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेजवळच सुरू होतात, पुढच्या भागात रुंद असतात आणि शेपटीकडे विरत जातात. पाठीच्या मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग दिसली तर मण्यार. पण फोनवरच्या फोटोत ती रांग दिसेलच असं नाही. मण्यारीच्या अंगाच्या पुढच्या भागात पट्टे पुसट असतात किंवा नुसते ठिपके असतात. अर्धा साप फडताळाखाली असेल तर अनुभवी माणसानेही ‘सांगता येत नाही’ असंच म्हणावं. डुरक्या घोणस आणि घोणस, मांजऱ्या आणि फुरसं, हरणटोळ आणि चापडा या जोड्यांचंही तेच.

चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, पण दोन्हींची किंमत सारखी नाही. कवड्याला मण्यार म्हटलं तर एक निरुपद्रवी साप मारला जाण्याचा धोका. मण्यारीला कवड्या म्हटलं तर कुणीतरी तिला हाताने उचलून बाहेर टाकायला जाईल. म्हणून फोटो अपुरा असेल तेव्हा गटाचं उत्तर एकच असावं: विषारी समजा, लांब राहा, नजर ठेवा, सर्पमित्राला बोलवा. सर्पमित्र माहीत नसेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन.

हे नीट चालायचं तर सापाच्या फोटोवर उत्तर कोणी द्यायचं ते पावसाळ्याआधीच ठरलेलं हवं. पाच-सहा जाणकारांची नावं गटाच्या माहितीत लिहावीत आणि त्यांच्या रात्रीच्या पाळ्या लावाव्यात. इतरांनी फोटो बघावा, शिकावं, पण फोटो आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात लिहू नये. पहिलं उत्तर ज्या नावाचं येतं त्याच्यामागे बाकीचे जातात, आणि दहा जणांनी एकच नाव लिहिलं म्हणजे दहा जणांनी ओळखलं असा विचारणाऱ्याचा समज होतो. जाणकाराचं उत्तरही नुसतं ‘बिनविषारी’ असं चालणार नाही. नाव, कोणत्या खुणेवरून ओळखलं आणि किती खात्री, हे तिन्ही हवं. खात्री नसेल तर दुसऱ्या जाणकाराचा होकार येईपर्यंत ‘विषारी समजा’ हेच उत्तर कायम.

पहिला प्रतिसाद तयार ठेवावा, ॲडमिनने तो फक्त चिकटवायचा: ‘कुणाला चावलाय का? चावला असल्यास इथे थांबू नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालयात जा. नसल्यास दोन-तीन मीटर लांबूनच, झूम करून डोकं, पाठ आणि शेपूट असे तीन फोटो टाका. गाव, तालुका आणि साप घरात की बाहेर तेही लिहा. फोटोसाठी साप हलवू नका, मारू नका.’ हा संदेश पिन करून ठेवावा. पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकते, म्हणून दर महिन्याला पुन्हा करावी लागते. हे हमखास विसरलं जातं.

चावल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर ॲडमिनने लगेच सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हा पर्याय लावावा. तेव्हा ओळखीची चर्चा सुरू ठेवणं म्हणजे त्या घरातल्या माणसांना उत्तराची वाट बघत बसवणं. आपल्याकडे मिळणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालते आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. सापाचं नाव कळेपर्यंत थांबायचं कारणच नाही. मण्यारीचा दंश तर फारसा दुखत नाही, सुजतही नाही. माणूस झोपतो आणि पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. ‘सूज नाही, म्हणजे बिनविषारी’ असं लिहिणाऱ्याचा संदेश ॲडमिनने दिसताक्षणी काढावा. आवळपट्टी बांधा, चिरा देऊन रक्त काढा, अमुक मुळी लावा, हे सल्लेही तसेच.

दुसरा मोठा विषय ठिकाणांचा. रानपिंगळा हे दुर्मीळ छोटं घुबड एकोणिसाव्या शतकानंतर कुणाला दिसलंच नव्हतं. १९९७ साली ते नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. असा पक्षी कुणाला दिसला तर आनंदाने सांगावंसं वाटणारच, पण गटात जिल्ह्यापलीकडे पत्ता जाऊ नये. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींच्या नोंदीचा नेमका बिंदू आपोआप झाकला जातो आणि साधारण बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो. व्हॉट्सॲप तसं काही करत नाही. मांडूळ, खवले मांजर, तारांकित कासव, दिवसा झाडाच्या ढोलीत बसलेलं घुबड आणि कंदीलपुष्प या रानफुलांच्या जाती अशी, ज्यांचं ठिकाण सांगायचं नाही त्यांची यादी गटाने करून ठेवावी. मांडुळाची तस्करी अंधश्रद्धेपायी होते, दिवाळीच्या सुमाराला घुबडांवर तेच संकट येतं. कंदीलपुष्पाचे कंद खाल्ले जातात, त्यामुळे फुलांनी पत्ता दिला की झाड मुळासकट जातं.

ठिकाण फुटतं ते बहुतेक वेळा नकळत. जीपीएस कॅमेऱ्याच्या ॲपने काढलेल्या फोटोवर खाली अक्षांश, रेखांश, गाव सगळं छापलेलं असतं. ती पट्टी कापल्याशिवाय फोटो राहू देऊ नये. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते, पण ‘चांगली क्वालिटी हवी’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला की माहिती आत तशीच राहते. मागे पवनचक्की, देवळाचा कळस किंवा धरणाची भिंत दिसली तरी जाणकाराला पुरते. शिवाय ॲडमिनने संदेश सगळ्यांसाठी काढला, तरी ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप जतन होतात त्यांच्या गॅलरीत तो उरलेला असू शकतो. म्हणून नवीन सदस्य घेतानाच हा नियम कारणासकट सांगावा.

घरट्यांच्या फोटोंबाबत मी कडक आहे: विणीच्या काळात घरट्याचा फोटो गटात नको, कितीही सुंदर असो. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्या हा चिमुकला पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. एक फोटो फिरला की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. असा फोटो आलाच तर नीट बघावा. चोचीत सरडा धरून पक्षी फांदीवर बसलाय आणि नजर कॅमेऱ्याकडे आहे, म्हणजे तो माणसांमुळे बिळात जात नाहीये आणि पिल्लं उपाशी आहेत. फांद्यांची ताजी कापलेली टोकं दिसली, तर ‘क्लिअर शॉट’साठी आडोसा काढलाय. फोटोखाली ‘अप्रतिम सर!’ची रांग लागायच्या आत तो काढावा लागतो, कारण कौतुक झाल्यावर काढला की अपमान वाटतो.

आणि हे फोटो टाकणारे पुष्कळदा गटातले ज्येष्ठ असतात, ज्यांच्याकडून निम्मा गट पक्षी ओळखायला शिकला. त्यांना चारचौघांत टोकू नये, फोन करावा. ‘सर, फोटो गटातून काढून टाकलाय, रागावू नका, पण घरटं चालू आहे म्हणून’, एवढं बोलणं पुरतं. लिहून पाठवलं की तेच शब्द कोरडे वाटतात. दुसऱ्यांदा झालं तर नियम दाखवावा, तिसऱ्यांदा गटाबाहेर. मग तो कितीही मोठा असो, कारण नवख्यांना बाहेर काढून ज्येष्ठांना सूट दिली की नियम कुणीच पाळत नाही.

बरेच जण ॲडमिन व्हायला घाबरतात ते पोलिसांच्या भीतीने. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा निदान तिघे ॲडमिन ठेवावेत, आणि जून ते सप्टेंबर त्यांतल्या एकाचा फोन रात्री सायलेंटवर नसावा.