मामांचा अंतर्गळ
लातूरच्या आडत बाजारात ३० वर्षे पोती वाहणारे माझे मामा जांघेतली गाठ धोतराआड लपवीत राहिले. खोकताना फुगणारी ती गाठ आडवे होताच आत जाते, एवढ्यावरच त्यांनी समाधान मानले. पोटाच्या स्नायूंची भिंत जिथे कमकुवत असते तिथून आतडे किंवा चरबी बाहेर येते, यालाच अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. जांघेतला प्रकार सर्वाधिक आढळतो. बेंबीचा तान्ह्या बाळांत आणि बाळंतपणानंतरही दिसतो, तर कधी जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातूनही तो उद्भवतो. ओझे हे एकटेच कारण नव्हे. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, स्थूलपणा यांनीही पोटातला दाब वाढतो. गाठ दाबून धरणाऱ्या पट्ट्याने पोटाची भिंत सांधत नाही, हे त्यांना पटवायला मला फार उशीर झाला. गाठ आत जाईनाशी होऊन दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तेव्हा हंगाम संपण्याची वाट न पाहता तत्काळ शल्यचिकित्सकाकडे जावे.